सात वेढे

माऊने चित्र थांबवलं, खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि पेन्सिलीच्या टोकाने सुतळीचे वेढे मोजायला लागली. एक, दोन, तीन. चौथ्यावर अंगठ्याची सावली होती, म्हणून तिने चित्र दोन चौकटी पुढे सरकवलं. पाच, सहा, सात. तिने वहीत 'सात' असं लिहिलं, त्याखाली रेघ ओढली आणि मग पेन्सिल तशीच हातात धरून बसून राहिली.

सकाळचे अकरा वाजले होते. स्टुडिओच्या तळमजल्यावरच्या त्या चिमुकल्या खोलीत ती, एक पडदा, एक कुरकुरणारा पंखा आणि एक्केचाळीस वर्षांपूर्वीचा खून एवढीच मंडळी होती. त्या गाजलेल्या सिनेमाचा रीमेक करायचं ठरल्यापासून माऊच्या, म्हणजे दिग्दर्शकाच्या पहिल्या सहायिकेच्या, गळ्यात एकच काम पडलं होतं: खुनाचा प्रसंग चौकटीचौकटीने वहीत उतरवून काढायचा. कॅमेरा कुठे, दिवा कुठे, कोण कधी वळतं, सगळं. वही इतकी फुगली होती की सेटवरची माणसं तिला वहीवाली म्हणायला लागली होती.

प्रसंग तसा सगळ्यांना तोंडपाठ. खून तीन सेकंदांत उरकतो. काचेची जाड फुलदाणी वर जाते, खाली येते, बस. खरा सिनेमा त्यानंतर सुरू होतो, कारण खुनी पळत नाही. तो फुलदाणी पुसतो, टेबलावर खाकी कागद पसरतो, फुलदाणी त्यात गुंडाळतो आणि सुतळीने पार्सल बांधतो. चोपन्न सेकंद पडद्यावर दोन हातांखेरीज काही दिसत नाही. त्या हातांना घाई नाही आणि कंप नाही. सुतळी कात्री न लावता एका हिसड्यात तुटते, वर धरायला एक छोटीशी कडी तयार होते आणि शेवटी उजवा तळवा पार्सलवर दोनदा थापटतो. मग तो माणूस पार्सल घेऊन भर गर्दीतून चालत निघून जातो.

त्या चोपन्न सेकंदांनी एका अख्ख्या पिढीची झोप उडवली होती. ज्या नटाने खुनी रंगवला त्याच्या हातांची दंतकथा झाली. त्याने म्हणे सहा महिने रोज पार्सलं बांधली होती. स्टुडिओच्या दारात त्याच्या हातांचा प्लास्टरचा साचा काचेच्या पेटीत ठेवला होता आणि येणारे-जाणारे अजूनही त्यापुढे घटकाभर थांबत. सुतळीच्या त्या कडीवर जाणकारांनी पानंच्या पानं लिहिली: ती कडी म्हणजे फाशीचा दोर, खुनी आपल्याच हाताने आपला फास वळतोय, वगैरे वगैरे. नट जाऊन बारा वर्षं झाली होती, मूळ दिग्दर्शक त्याच्याही आधी गेला होता, त्यामुळे हो किंवा नाही म्हणायला कुणी उरलं नव्हतं.

माऊने आजवर हा प्रसंग घरच्या टीव्हीवर, घासून पांढुरक्या झालेल्या प्रतीत पाहिला होता. आता मूळ निगेटिव्हवरून नवी प्रत काढली होती आणि हातांवरचे केससुद्धा मोजता येत होते. उजव्या तर्जनीवर पहिल्या पेराजवळ घट्ट्याची आडवी खाच होती. कडीवर सात वेढे होते. कडी इतकी बारीक की त्या धिप्पाड नटाची बोटं तिच्यात मावलीच नसती. बहुतेक म्हणूनच पुढच्या शॉटमध्ये तो पार्सल काखोटीला मारून चालतो.

तिने चित्र पुढे सोडलं. तळवा उचलला गेला. थप, थप.

माऊच्या अंगावर सरसरून काटा आला, पण तो भीतीचा नव्हता. या दोन थापा तिने लहानपणी झोपताना पांघरुणावर घेतल्या होत्या. शाळेच्या पुस्तकांवर, खेळण्यांच्या खोक्यावर, पहिल्यांदा घर सोडून शिकायला निघाली तेव्हा तिच्या वळकटीवर याच दोन थापा पडल्या होत्या. आणि त्यातल्या प्रत्येक गाठोड्याला वर धरायला दोन बोटांपुरती एक कडी होती. सगळं जग ज्या हातांना घाबरलं होतं त्यांनी तिची वेणी घातली होती.

"आप्पा," ती पडद्याकडे बघत हळूच म्हणाली.

दार ढकलून दिग्दर्शक आत आला आणि त्याच्या मागोमाग रीमेकमध्ये खुनी रंगवणारा नायक. दिग्दर्शक चाळिशीच्या आतबाहेरचा. नवव्या वर्षी त्याने हा सिनेमा बापाची नजर चुकवून पाहिला होता आणि तेव्हापासून तो त्याच्या मानगुटीवर बसला होता. नायकाच्या तीन बोटांना पट्ट्या होत्या, आज चौथीची भर पडली होती.

"सुतळी तुटत नाही, बोट तुटतं," नायक खुर्चीत बसत म्हणाला. "पाच आठवडे झाले. तो कशी तोडायचा ते कळतच नाही. अंगठ्याआड काहीतरी करतो आणि खटकन तुटते. काय माणूस असेल तो."

"शुक्रवारी सेट उभा राहतोय," दिग्दर्शक माऊला म्हणाला. "तोपर्यंत नाही जमलं तर तुकड्यातुकड्याने घेऊ आणि जोडू." राहतं घर विकायला काढल्यासारखा त्याचा आवाज पडला होता. "खून राहील. भीती राहणार नाही."

माऊने वही मिटली.

"शुक्रवारपर्यंत कळ काढा," ती म्हणाली.

आप्पा दारासमोरच्या स्टुलावर बसून रद्दी बांधत होते. एकाहत्तरावं वर्ष चालू होतं. त्रेचाळीस वर्षं ते काचसामानाच्या एका मोठ्या दुकानात बांधणीच्या टेबलामागे उभे राहिले होते. गिऱ्हाईक कपबश्या निवडायचं पुढच्या बाजूला आणि शेवटी यायचं आप्पांपाशी. आपल्या हातून गेलेली एकही बशी वाटेत फुटली नाही, हा त्यांचा आयुष्यातला एकुलता एक गर्व. बाकी माणूस इतका साधा की त्यांचा फोटो काढला तरी लोकांना मागची भिंत लक्षात राहायची.

माऊ त्यांच्यापुढे फरशीवर बसली.

"आप्पा, तो फुलदाणीचा सिनेमा."

"कुठला?"

"तुम्हाला माहितीये कुठला."

"रद्दीवाला चारला येतो म्हणालाय," आप्पा म्हणाले आणि सुतळी ओढायला लागले.

माऊने पिशवीतून कागद काढला आणि रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवला. त्या चौकटीचं छापलेलं चित्र होतं, दोन हात आणि सुतळी. आप्पांनी आधी दुर्लक्ष केलं. मग खिशातून चष्मा काढून लावला. बराच वेळ ते त्या चित्राकडे पाहत होते आणि माऊ त्यांच्याकडे.

"नखं बरी कापली होती," शेवटी ते म्हणाले.

एवढ्यावर सगळं कबूल झालं. बाकीचं सांगताना त्यांनी हातातलं काम सोडलं नाही. सिनेमाचा दिग्दर्शक दुकानात फुलदाण्या घ्यायला आला होता, एकसारख्या तीन. बांधणीच्या टेबलापाशी तो जो उभा राहिला तो हलेचना. दुसऱ्या दिवशी त्याची गाडी आली. स्टुडिओत नट सकाळपासून पार्सलाशी झटत होता, हातांना घाम फुटलेला. भला माणूस. त्याने उठून स्वतःची खुर्ची आप्पांना दिली. खोलीत पाच जण होते. शॉट एकदाच घेतला.

"झाल्यावर दिग्दर्शक म्हणाला, हे हात त्याचेच आहेत. माणसाला दुसऱ्याचे हात लावलेत असं लोकांना कळलं, तर तो माणूस खोटा पडतो. बाहेर बोलायचं नाही. मी म्हटलं, बरं."

"बरं म्हटलं की झालं?"

"मग काय, स्टँपपेपरवर लिहून द्यायचं होतं?"

माऊला हसू आलं. पण आप्पा हसत नव्हते.

"आणि ती कडी?" तिने विचारलं. "पार्सल तर त्या नटाने न्यायचं होतं. त्याची बोटं कुठे मावणार होती तिच्यात?"

"सवय," आप्पा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तुझ्या आईची."

माऊची आई शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होती. लग्नाआधी दर महिन्याला ती परीक्षानळ्या न्यायला दुकानात यायची. लहानपणी दारात सापडून तिच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट कायमची वाकली होती, तरी पार्सल ती त्याच हातात धरायची. उजवा हात मोकळा हवा, कधी कुणाला ठेवून द्यावी लागेल सांगता येत नाही, असं ती आप्पांना पहिल्याच भेटीत म्हणाली होती. आप्पांनी तिच्यासाठी दोन बोटांची कडी काढली. सुतळी बोटांना रुतू नये म्हणून कडीवर वेढे दिले. दर महिन्याला एकेक वाढवत नेला. सहा वेढ्यांपर्यंत ती दुकानाबाहेर पडून हात बदलायची, हे त्यांनी काचेतून पाहिलं होतं. सातव्या वेढ्याच्या महिन्यात तिने हात बदलला नाही. पुढच्या वर्षी लग्न झालं.

"तेव्हापासून हात दुसरी कडी करीचनात. सिनेमाच्या वेळी लग्नाला पुरं वर्ष झालं नव्हतं. आपोआप वळली. मी म्हटलं, चुकलं, सोडतो. दिग्दर्शक म्हणाला, हात लावू नका."

"आणि लोक त्याला फास म्हणतात, आप्पा. पुस्तकं लिहिलीत त्यावर."

"लिहू देत," आप्पा म्हणाले. "लिहिणाऱ्याचा हात कोण धरणार."

त्यांनी गठ्ठ्याची गाठ मारली, सुतळीला हिसडा दिला, ती तुटली. 

"पहिल्याच आठवड्यात तिला बघायला नेलं. म्हटलं, आपण बोलायचं नाही ठीक आहे, पण ती ओळखेल. हात नाही तरी कडी ओळखेल. तिचीच होती ना. मी सिनेमा पाहिलाच नाही, तिच्याकडे बघत होतो. काही नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, काय हात आहेत हो त्या माणसाचे."

 आईचं ते वाक्य माऊने लहानपणापासून ऐकलं होतं. घरातला तो एक ठरलेला विनोदच होता. आई कणीक मळताना, आप्पांच्या पुढ्यात चहा ठेवताना, कधीही म्हणायची: काय हात आहेत त्या माणसाचे, त्याची बायको नशीबवान. आणि आप्पा चहा ढवळत राहायचे.

"अकरा वेळा गेली, तुझ्या मावशीला घेऊन. दर वेळी आल्यावर तेच. बये, माझेच आहेत ते, असं अगदी ओठांवर यायचं. एक्केचाळीस वर्षांत मी त्या नटाचं एक चित्र पाहिलं नाही. हेवा वाटायचा. स्वतःच्याच हातांचा." आप्पांनी चष्मा काढला. "आहे की नाही गंमत."

माऊने जपून विचारलं. सेटवर यायचं, नायकाला फक्त शिकवायचं, जुन्या गोष्टीचा चकार शब्द काढायचा नाही. माझे वडील आहेत, बांधणीत तरबेज आहेत, एवढंच मी सांगेन.

"नको," आप्पा म्हणाले.

"शब्द मोडत नाही यात, आप्पा."

"शब्दाचं नाही. जे तिच्यापासून लपवलं ते तीस परक्या माणसांपुढे करून दाखवू? आधी तिला सांगायला हवं होतं. शेवटच्या महिन्यात उशाशी बसून होतो तेव्हाही जीभ उचलली नाही. आता ती नाही, तर कुणालाच नाही." त्यांनी कागद उचलून माऊच्या हातात दिला. "तिने ओळखलं असतं तर गोष्ट वेगळी."

दुसऱ्या दिवशी माऊ मावशीकडे गेली. आप्पा दर आठवड्याला मावशीची औषधं आणून ठेवत आणि माऊ ती पोचवत असे. औषधांच्या खोक्याला नेहमीप्रमाणे सुतळी होती, सुतळीला कडी होती. मावशीने ते हातात घेतलं तेव्हा माऊचं लक्ष कडीकडे गेलं आणि तिला राहवलं नाही.

"मावशी, आई तो सिनेमा बघायला अकरा वेळा का गेली?"

मावशीने खोकं टेबलावर ठेवलं. आधी तिने माऊकडे रोखून पाहिलं, मग चेहरा सैल सोडला.

"सापडलं वाटतं एकदाचं."

"काय सापडलं?"

"नाटकं करू नकोस. कुणी सांगितलं, त्यांनी?"

"मी स्वतः पाहिलं. मोठ्या पडद्यावर."

"हं. तिलाही पहिल्या फटक्यात दिसलं होतं," मावशी म्हणाली.

माऊ उभी होती ती खाली बसली.

"अगं, सिनेमा कुठे बघायची ती. खून व्हायच्या पाच मिनिटं आधी आम्ही आत शिरायचो. दारावरचा माणूस ओळखीचा झाला होता, हसायचा आम्हाला बघून. ते हात संपले की ही उठायची. चल म्हणायची. अकरा वेळा गेले, पण त्या सिनेमाचा शेवट मला आजतागायत माहीत नाही. सापडतो का गं तो खुनी?"

"सापडतो."

"बरं झालं." मावशीने पदराने उगाचच टेबल पुसलं. "पार्सल बांधून व्हायचं. त्या दोन थापा पडायच्या. सगळं थिएटर श्वास धरून बसलेलं. आणि ही माझ्या शेजारी अंधारात डावा हात असा पुढे करायची." तिने दोन बोटं वाकवून हवेत धरली. "घ्यायला. अकराच्या अकरा वेळा."

माऊने त्या बोटांकडे पाहिलं. 

"मग आप्पांना म्हणाली का नाही?"

"मीही तेच विचारलं. म्हटलं, सरळ विचार की. तर म्हणाली, दुकानात बशीला तडा गेला तरी घरी येऊन सांगणारा माणूस हा. हे सांगत नाहीत, म्हणजे यांनी कुणाला तरी शब्द दिलाय. मी विचारलं, तर एक तर शब्द मोडावा लागेल, नाहीतर माझ्याशी खोटं बोलावं लागेल. दोन्ही यांना झेपायचं नाही, आजारी पडतील. मी म्हटलं, अगं पण एवढं केलंय त्यांनी, कौतुक तरी कर. तर म्हणाली, करते की. रोज तोंडावर करते."

खिडकीतून ऊन टेबलापर्यंत आलं होतं. माऊ त्याच्याकडे बघत राहिली. एका माणसाने एक शब्द पाळला होता आणि तो त्याला पाळता यावा म्हणून दुसऱ्या माणसाने मरेपर्यंत अजाणतेपणाचं सोंग घेतलं होतं, कणीक मळत, चहा देत, हसत. तिला आपल्या आईची एकदम भीतीच वाटली, डोंगरापुढे उभं राहिल्यावर वाटते तशी.

"आणि तू?" ती मावशीला म्हणाली. "इतकी वर्षं तू गप्प?"

"मला शपथ घातली होती. ती गेली तेव्हा वाटलं, सांगून टाकावं. मग वाटलं, त्यांना ठाऊकच असेल. नवरा-बायकोमधलं आपल्याला काय कळतं." मावशीने खोक्याची सुतळी सोडायला घेतली आणि मध्येच थांबली. "नव्हतं ठाऊक?"

माऊने मान हलवली.

"अरे देवा," मावशी म्हणाली. "जा. आधी घरी जा."

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं.  माऊने दोन बोटं पुढे करून दाखवली तेव्हा ते त्या बोटांकडे असे बघत राहिले की तिला हात मागे घ्यावासा वाटेना.

"अकरा वेळा?" त्यांनी विचारलं.

"अकरा वेळा."

"आणि घरी येऊन जे म्हणायची ते..."

"तुम्हालाच म्हणायची, आप्पा."

आप्पांनी आपले हात मांडीवर उलटे ठेवले, सुलटे केले. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसण्याचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"मी त्या बिचाऱ्या नटावर उगाच दात धरून बसलो," ते म्हणाले. "खुर्ची दिली होती त्याने मला."

मग ते उठले, मोरीत जाऊन तोंड धुऊन आले आणि टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाले:

"शुक्रवारी किती वाजता?"

सेटच्या उंबरठ्यावर आप्पा थबकले. तीच खोली होती. तोच गडद गालिचा, तीच उंच खिडकी, खिडकीतून टेबलावर तिरपा पडलेला तोच उजेड. माऊच्या वहीतून सुतारांनी आणि रंगाऱ्यांनी ती इंचाइंचाने परत उभी केली होती. एका बाजूला मॉनिटरवर जुन्या सिनेमातली चौकट थांबवून ठेवली होती, दोन हात आणि सुतळी. आप्पांनी चपला बाहेर काढल्या. कुणी काढत नव्हतं, पण त्यांनी काढल्या.

"माझे वडील," माऊने सांगितलं. "काचसामानाच्या दुकानात बांधणी करायचे."

नायकाने नमस्कार केला. आप्पा टेबलापाशी गेले, तळव्याने टेबल दाबून पाहिलं, कागद हातात घेऊन त्याची कड चाचपली.

"सुतळी जरा ओली करता?" ते म्हणाले. "कोरडी असली की बोट कापते."

पाच आठवडे बोटं कापून घेतलेल्या नायकाने माऊकडे पाहिलं.

मग आप्पांनी बांधायला घेतलं. सुरुवातीला लोक आपापल्या कामात होते. कुणी वायर गुंडाळत होतं, कुणी गालिचा झटकत होतं. कागद फुलदाणीभोवती फिरला, कोपरे आत गेले, आणि वायर गुंडाळणारा थांबला. सुतळी आडवी गेली, उभी गेली, तिने स्वतःलाच एक वळसा घातला, आणि एका बारीकशा हिसड्याने खटकन तुटली. शिडीवरचा दिवेवाला हातात दिवा धरून तसाच राहिला. एवढ्या मोठ्या शेडमध्ये फक्त कागदाची कुजबुज ऐकू येत होती. हात म्हातारे झाले होते, शिरा वर आल्या होत्या, पण त्यांना घाई नव्हती आणि कंप नव्हता. कडी झाली. तिच्यावर वेढे चढले, एकेक, शेजारी शेजारी. मग उजवा तळवा वर गेला.

थप, थप.

 दिग्दर्शक मॉनिटरशी उभा होता. त्याने पडद्यावरच्या हातांकडे पाहिलं, टेबलावरच्या हातांकडे पाहिलं, उजव्या तर्जनीवरच्या त्या खाचेकडे पाहिलं. त्याचा चेहरा नऊ वर्षांच्या मुलासारखा झाला. तो माऊकडे वळला आणि त्याने तोंड उघडलं. माऊने वही छातीशी धरली होती. तिने हळूच, एकदाच, नाही अशी मान हलवली.

दिग्दर्शकाने तोंड मिटलं.  मग तो स्वतःची खुर्ची उचलून टेबलापाशी घेऊन गेला आणि आप्पांच्या मागे ठेवली.

"बसा," तो म्हणाला.  "आणि सवडीने शिकवा. आम्हाला अजिबात घाई नाही."

आप्पांनी खुर्चीकडे पाहिलं आणि ते बसले.

दुपारपर्यंत नायकाला हिसडा जमला. पहिल्यांदा सुतळी तुटली तेव्हा तो तुटलेली दोन टोकं सगळ्यांना दाखवत फिरला. कडी वळताना त्याने वेढे मोजले आणि सहाव्यावर थांबला.

"सहात भागत नाही का, आप्पा? सातवा देताना हात अडखळतो."

"भागतं," आप्पा म्हणाले. "पण बोटांना लागतं."

"कुणाच्या?"

आप्पांनी त्याच्या हातातली सुतळी नीट केली.

"माझ्या बायकोच्या," ते म्हणाले.

नायकाने मान डोलवली आणि सातवा वेढा दिला. माऊने वही उघडली आणि उगाचच तारीख लिहिली.

निघताना आप्पांनी सकाळी बांधलेलं पहिलं पार्सल घरी नेऊ का म्हणून विचारलं. दिग्दर्शकाने ते स्वतः आणून त्यांच्या हातात दिलं. बाहेर काचेच्या पेटीतल्या प्लास्टरच्या हातांपाशी आप्पा क्षणभर थांबले, मान जराशी लववली आणि पुढे झाले. रस्त्यावर संध्याकाळची वर्दळ सुरू झाली होती. माऊ पार्सल घ्यायला पुढे झाली, पण त्यांनी दिलं नाही. त्यांनी ते डाव्या हातात घेतलं होतं, करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट आत दुमडून, उरलेल्या दोन बोटांनी. एवढ्या वर्षांत त्यांनी हजारो कड्या वळल्या होत्या, पण स्वतःची बोटं कधी तिच्यात घातली नव्हती.

कोपऱ्यापर्यंत दोघं चालत गेले.

"जड आहे, आप्पा. लागत असेल बोटांना."

"नाही लागत," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी हात बदलला नाही.